आमच्या घरची विलायती भुतं

आम्हा भावंडांना इंग्रजी यावं, असं माझ्या वडिलांना फार वाटायचं. ते वाशीमला एका सरकारी कचेरीत शिपाई होते. साहेबांच्या दालनाबाहेर स्टुलावर बसून कानावर पडेल त्यातलं त्यांना थोडंच कळायचं, पण ज्याला इंग्रजी येतं त्याला साहेब खुर्ची देतात, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देणारं एक दुकान होतं. घरोघरी केबल आली आणि दुकान बसलं. दुकानदाराने हिंदी सिनेमांच्या कॅसेटी हातोहात विकून टाकल्या. इंग्रजीचं एक खोकं मात्र कोणी घेईना. ते खोकं आणि एक जुना व्हीसीआर वडिलांनी सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून घरी आणला.

"रोज एक पाहा," ते आम्हाला म्हणाले. "समजलं नाई तरी कान तं तयार होतीन."

खोक्यात काय आहे ते त्यांनी पाहिलं नव्हतं. आम्ही पहिली कॅसेट लावली. धुकं, घोडागाडी, डोंगरावर एक दगडी वाडा. मग काळा झगा घातलेला एक उंच माणूस जिना उतरून आला, पाहुण्याला वाकून नमस्कार केला आणि काहीतरी फार सुंदर बोलला. थोड्या वेळाने त्याने एका बाईच्या मानेला दात लावले. आईने पदर तोंडावर घेतला. माझा भाऊ पलंगाखाली गेला. वडील मात्र जागचे हलले नाहीत.

"इंग्रजी साफ हाय याची," ते म्हणाले. "ऐका."

खोक्यातल्या जवळपास सगळ्या कॅसेटी तशाच निघाल्या. इंग्लंडात तयार झालेले जुने भुताखेतांचे सिनेमे. आमच्या वाशीमात ते भाड्याने कोणी नेत नव्हतं, म्हणूनच ते उरले होते. भाऊ-बहिणीने दोन-चार पाहून सोडून दिले. मी तेव्हा आठवीत होते. मी सगळे पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

मला त्यात काय आवडलं, हे लोक अजून विचारतात. भीती मला पहिल्या आठवड्यातच वाटेनाशी झाली होती. आवडायची ती तिथली रीत. त्या सिनेमांतलं भूतसुद्धा दार वाजवून आत यायचं. दोन खुनांच्या मध्ये कोणीतरी चहा आणायचं. डॉक्टर आणि प्राध्यापक हातात कंदील घेऊन तळघरात उतरायचे आणि तिथेही एकमेकांना "आपण आधी" म्हणायचे. सावकाश, स्वच्छ, एकेक शब्द ठेवल्यासारखं बोलायचे. माझी इंग्रजी तिथली आहे. पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि इंझोरीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा तपासणीला आलेले साहेब वर्गाच्या मागे बसून ऐकत होते. जाताना म्हणाले, "मॅडम, उच्चार छान आहेत. पण तुम्ही मुलांना गुड मॉर्निंग म्हणता ते जरा भीतिदायक वाटतं."

नोकरी लागल्यावर मी जमवाजमव मनावर घेतली. कॅसेटींना पावसाळ्यात पांढरी बुरशी यायची. मग एकेक सिनेमा डिस्कवर मिळेल तसा घेत गेले. आधी दोन तबकड्यांत येणाऱ्या व्हीसीडी. त्यात नेमकं तळघराचं दार उघडताना पहिली तबकडी संपायची. मग डीव्हीडी. नागपूरला प्रशिक्षणाला गेले की सीताबर्डीच्या पदपथावर तासभर वाकून शोधायचे. पुढे मोबाईलवरून मागवता येऊ लागलं आणि इंग्लंडात छापलेल्या डिस्क मुंबईमार्गे पोस्टाने यायला लागल्या. आता साठ-सत्तर सिनेमे आहेत. काहींच्या तीन-तीन प्रती आहेत, कारण एकीत चित्र चांगलं, दुसरीत आवाज, आणि तिसरीचं वेष्टन देखणं. हे ज्याला हा नाद नाही त्याला समजावून सांगता येत नाही, आणि मी प्रयत्नही करत नाही.

लग्न ठरायच्या वेळी मुलाने विचारलं होतं, "छंद काय?" मी म्हटलं, "सिनेमे." त्यांना वाटलं, हिंदी. त्यांचं कारंजाला औषधांचं दुकान आहे. मी सासरी आले तेव्हा माझ्या सामानात एक लोखंडी पेटी होती. घरच्या बायांना वाटलं, साड्या. उघडली तेव्हा आत दात विचकलेल्या माणसांची चित्रं. नणंद म्हणाली, "वहिनी, हे काय व?" मी म्हटलं, "इंग्रजीचा अभ्यास." ते खोटं नव्हतं. माझे यजमान पहिल्या रविवारी मोठ्या उत्साहाने माझ्यासोबत बसले आणि घोडागाडी वाड्याच्या फाटकापाशी पोचायच्या आत झोपले. आजपर्यंत त्यांनी एकाही सिनेमाचा वाडा आतून पाहिलेला नाही. पण पार्सल आलं की पोस्टातून तेच घेऊन येतात आणि दुकानातल्या औषधांच्या डब्यांत मिळणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात.

सासूबाईंचं आणि माझं तेव्हाही चांगलं होतं, पण बोलणं कामापुरतं. मी सकाळची एसटी पकडून इंझोरीला जायची, संध्याकाळी परतायची. त्यांचं आयुष्य शेतमजुरीत गेलेलं. सासरे लवकर गेले, तरी दोन्ही लेकरं शिकवली. कमी बोलायच्या. मी माझे सिनेमे आतल्या खोलीत आवाज बारीक करून पाहायची.

एका उन्हाळ्यात त्या गच्चीवर कुरड्या वाळत घालायला चढल्या आणि उतरताना शेवटच्या पायरीवरून घसरल्या. पायाचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आणि दीड महिना पलंग. माझी मे महिन्याची सुट्टी होती. दुपारी कूलरपुढे आम्ही दोघी. त्या छताकडे पाहत पडलेल्या, मी तांदूळ निवडत बसलेली. वावटळीने केबलची तार तुटली आणि त्यांची मालिका बंद झाली. दुसऱ्या दिवशीही तार जोडायला कोणी आलं नाही. त्यांनी कूस बदलली, उसासा टाकला आणि म्हणाल्या, "लाव बाप्पा मंग. तुहं ते भुताचं लाव."

मी टीव्ही बाहेरच्या खोलीत त्यांच्या पलंगासमोर आणला. त्यांना झेपेल असा, जरा सौम्य सिनेमा निवडला. इंग्रजी त्यांना येत नाही, म्हणून मधूनमधून सांगायची तयारी ठेवली. पाच मिनिटांत त्यांनी मला हाताने गप्प केलं.

"समजून राह्यलं मले. हा मोठ्या घरचा हाय, अन् गावातले सारे त्याले भेतात. खानावळवाला पाह्य कसा खाली पाहून बोलते. त्याले सारं माहीत हाय, पन सांगत नाई."

पुढे रक्त आलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"रगत इतकं लाल असते काय?" त्या म्हणाल्या. "रंगपंचमीचा रंग घेतला वाट्टे यायनं."

भीती त्यांना वाटलीच नाही. त्यांचं लक्ष भलतीकडेच असायचं. दिवाणखान्यात प्राध्यापक आणि जमीनदार पिशाचांवर चर्चा करत असले की मागे ट्रे घेऊन एक मोलकरीण उभी असते. सासूबाई तिलाच पाहायच्या. "ती पोरगी मघापासून उभी हाय. तिले कोनी बस म्हनते काय? च्या देल्ला काय?" एका सिनेमात पहिला बळी मोलकरणीचाच गेला, तेव्हा त्या खरोखर चिडल्या. "झालं. घरात एवढी मान्सं, अन् भुताले तेच सापडली." तोवर तो सिनेमा मी दहाएक वेळा पाहिला होता. तिचं नावसुद्धा माझ्या लक्षात नव्हतं.

मग रोज दुपारी एक. केबल जोडली गेली तरी मालिका लागली नाही. एके दिवशी सिनेमा अर्ध्यावर आला असताना त्या म्हणाल्या, "थांब. हा जिना परवाच्या सिनेमातला हाय."

"नाही हो आई, हा वेगळ्या देशातला वाडा दाखवलाय."

"देश कोनताबी असो. जिना तोच. तिसऱ्या पायरीचा कोपरा फुटेल हाय, पाह्य."

मी परवाची डिस्क काढून लावली. कोपरा फुटका होता. तोच जिना, फक्त गालिचा बदललेला. त्या दिवशी आम्ही दुपारचा चहा विसरून जिनेच शोधत बसलो. दोन आणखी सिनेमांत सापडला. मला इतका आनंद झाला की यजमान दुकानातून आल्या आल्या मी त्यांना चारही ठिकाणचा जिना दाखवला. ते उभ्या उभ्या जागे राहिले, एवढं मी म्हणेन.

एकदा इंग्लंडहून आलेली नवी डिस्क लावली, तर पडद्यावर पाटी आली की ही डिस्क या भागात चालणार नाही. मी सांगितलं तसं सासूबाईंनी विचारलं, "काहून? आपल्या भागाले काय झालं?" तबकड्या जगाचे भाग पाडून विकतात, एका भागातली दुसऱ्या भागातल्या यंत्रावर चालत नाही, हे मी समजावलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही. "पैसे आपले, यंत्र आपलं, अन् पाह्याचं नाई?" मी यंत्र बाजारपेठेत नेलं. तिथल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने रिमोटची काही बटणं एकापाठोपाठ दाबली आणि आमचा भाग मोकळा झाला. घरी येऊन तो सिनेमा पाहिला. साधारणच निघाला, पण सासूबाईंनी तो पडद्यावरची शेवटची नावं संपेपर्यंत पाहिला. हक्काचा होता.

आणखी एक गोष्ट त्यांना फार दिवस सतावत होती. त्या सिनेमांतलं रक्त पिणारं भूत क्रुसाला भितं. हे पाहून एकदा त्यांनी सिनेमा थांबवायला लावला.

"सूनबाई, तो आपल्याकडं आला तं? आपल्या घरी तं क्रूस नाई. आपन विहारात जानारे."

"तो आपल्याकडे कशाला येईल, आई?"

"आला तं, म्हनून राह्यली मी."

त्या विचार करत राहिल्या. सिनेमा पुढे सुरू झाला, शेवटी खिडकीचा जाड पडदा ओढला गेला, उन्हाची तिरीप आत आली आणि त्या उमरावाची राख झाली. सासूबाई उशीवर टेकल्या. "हं. मंग काई नाई. सूर्य तं साऱ्याइचाच हाय. आपल्या मे महिन्यात तं ते भूत फाटकापर्यंतबी येत नाई."

प्लास्टर निघालं, तोवर शेजारच्या बाया दुपारी यायला लागल्या होत्या. सासूबाई पलंगावर बसून सिनेमा समजावून सांगायच्या आणि मी मागे बसून ऐकायची. त्यांच्या सांगण्यात उमराव पाटील व्हायचा, प्राध्यापक मोठा डॉक्टर व्हायचा, आणि मोलकरणीला बरंच जास्त काम मिळायचं.

ही बातमी काकाजींपर्यंत गेली. काकाजी म्हणजे माझे चुलत सासरे. एसटीतून निवृत्त झालेले, विहाराच्या समितीचे सचिव, आणि अंधश्रद्धेच्या बाबतीत अत्यंत कडक. कोणाच्या घरी लिंबू-मिरची टांगलेली दिसली तर ते दार वाजवून विचारतात. ते एका दुपारी सिनेमा चालू असतानाच आले. बाया पदर सावरून बाजूला झाल्या.

"वहिनी," ते दारातूनच म्हणाले, "मी अर्धं आयुष्य लोकाइच्या डोक्यातले भूतं काढून राह्यलो, अन् आपल्याच घरी तुमी भूतं दाखवून राह्यल्या?"

"बसा भाऊजी," सासूबाई म्हणाल्या. "पाह्यल्याबिगर बोलू नोका."

"मले नाई पाह्याचं."

"मंग च्या पेयेपर्यंत तरी बसा."

ते टीव्हीकडे पाठ करून बसले. मी चहा करून आणला तेव्हा ते अर्धे वळले होते. कप रिकामा झाला तेव्हा पूर्ण. पडद्यावर एक शास्त्रज्ञ गावकऱ्यांना सांगत होता की ही सगळी खुळचट समजूत आहे. काकाजी मान डोलावू लागले. "बरोबर बोलते मानूस." पुढच्याच प्रसंगात त्या शास्त्रज्ञाला भुताने मारलं. काकाजी ताडकन उठले.

"पाह्यलं? हेच! खरं बोलनाऱ्याले मारलं, अन् भुताले खरं ठरवलं!"

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. सिनेमे खोटे आहेत हे मला माहीत, सासूबाईंना माहीत. पण तसं कुठे लिहिलेलं नसतं. तेवढ्यात मला आठवलं की याच डिस्कमध्ये सिनेमाशिवाय आणखी एक भाग आहे. अशा डिस्कवर बहुतेक वेळा असतो. सिनेमा कसा तयार झाला, ते दाखवणारा. मी म्हटलं, "काकाजी, पाच मिनिटं थांबा," आणि तो लावला.

एक म्हातारा रंगभूषाकार खुर्चीत बसून बोलत होता. त्याने डबीतून दातांची जोडी काढून दाखवली. साखरेचा पाक आणि लाल रंग घोटून रक्त केलं. धुक्यासाठी बादलीत बर्फासारखं काही टाकलं. मग जुन्या चित्रफितीचा एक तुकडा आला. दोन प्रसंगांच्या मधली वेळ. तो भयंकर उमराव, पांढराफटक चेहरा, ओठांवर रक्त, आरामखुर्चीत चष्मा लावून वर्तमानपत्र वाचतो आहे आणि रंग बिघडू नये म्हणून चहा नळीने पितो आहे.

काकाजी खाली बसले. "पुन्हा लाव," म्हणाले. मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सूनबाई, हे तुह्या शायेत दाखवता येते काय?"

त्यांना ते सुचलं, त्याला कारण होतं. गेल्या काही महिन्यांपासून आमच्या शाळेत एक अडचण झाली होती आणि घरी मी तिच्याबद्दल बोलले होते. शाळेपासून थोड्या अंतरावर शेतातली एक वस्ती आहे. तिथून येणारी पायवाट नाल्याकाठच्या एका बंद पडलेल्या पंपघरावरून जाते. तिथे पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते, तिचे पाय उलटे आहेत, अशी आवई उठली. कोणी पाहिली ते कोणालाच सांगता येत नव्हतं. पण वस्तीवरची लेकरं रस्त्याने लांबून यायला लागली, धापा टाकत उशिरा पोचायची, आणि लहान्या दोघी-तिघी तर येईनाशाच झाल्या होत्या.

शाळा उघडल्यावर मी मुख्याध्यापकांना विचारलं. त्यांना आधी काळजी वाटली. "मॅडम, भूत घालवायला भूत आणायचं म्हणता? पालक काय म्हणतील?" मी सांगितलं की भूत नाही, भुताचा चहा दाखवायचा आहे. काकाजी स्वतः येऊन बोलतील म्हटल्यावर ते तयार झाले.

शाळेत मोठा टीव्ही आहे, पण डिस्क लावायची सोय नाही. म्हणून शनिवारी डीव्हीडी प्लेअर पिशवीत घालून मी आणि काकाजी एसटीत बसलो. सासूबाईही निघाल्या. पाय नुकताच बरा झालेला, तरी ऐकेनात. "मी पाह्यलं नाई काय ते? मले माहीत हाय कुठं थांबवाचं." कंडक्टर काकाजींच्या ओळखीचा निघाला. त्याने पिशवीत काय आहे विचारलं. काकाजी गंभीरपणे म्हणाले, "वैज्ञानिक साहित्य."

काकाजींचं भाषण चांगलं होतं, पण ते संपायला तयार नव्हतं. पोरं चुळबुळ करू लागली. सासूबाईंनी खुर्चीवरून हळूच हाक मारली, "भाऊजी, लावू द्या आता." मी डिस्क सुरू केली.

दात तोंडात बसवताना पोरं खिदळली. रक्त घोटताना "मॅडम, गोड लागत असन ते!" असा आवाज आला. आणि उमराव नळीने चहा प्यायला लागला तेव्हा वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले गुरुजी पाहायला आले. चार वेळा ते दृश्य दाखवावं लागलं. काकाजी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "झालं काम." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी आधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "आजी, पन त्या सिनेमात काय होते?"

सासूबाईंना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी पदर खोचला आणि सांगायला सुरुवात केली. धुकं, वाट, वाडा. खानावळवाला कसा खाली पाहून बोलतो. मोलकरीण कशी एकटी कंदील घेऊन वरच्या मजल्यावर जाते. जिन्याची पायरी कशी करकरते. आवाज उतरत गेला, तसा वर्ग गप्प झाला. लहान लेकरं मोठ्यांना चिकटली. मी स्वतः खुर्चीच्या कडेवर आले होते आणि मला तो सिनेमा पाठ आहे.

काकाजी कासावीस झाले. "वहिनी! मी भूत काढून राह्यलो अन् तुमी पुन्हा घालून राह्यल्या!"

"थांबा हो," सासूबाई म्हणाल्या. "निघन आताच." आणि पोरांकडे वळून म्हणाल्या, "मंग त्या मोलकरणीनं काय केलं सांगा बरं? रडली? पयाली? नाई. तिनं भिताडाले पाठ लावली, अन् हात मागं नेऊन खिडकी उघडली. सकाय झाली होती. भकन ऊन आत आलं, अन् राख! लोटून टाकली तिनं. मंग खाली जाऊन च्या केला. आधी सोताले."

सिनेमात खिडकी प्राध्यापक उघडतो.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग वस्तीवरची एक मुलगी, नेहमी उशिरा येणाऱ्यांतली, हात वर करून म्हणाली, "मॅडम, मंग त्या पंपाजवळच्या बाईचा मेकअप कोन करते?"

मुख्याध्यापक म्हणाले, "चला, विचारूनच येऊ." भर दुपारी मोठ्या वर्गातली पोरं, आम्ही शिक्षक आणि सगळ्यांच्या पुढे काकाजी, अशी वरात नाल्याकाठी निघाली. सासूबाई शाळेच्या व्हरांड्यातच बसल्या. पंपघराचं दार अर्धं उघडं होतं. काकाजींनी छत्रीच्या टोकाने ते लोटलं. आत बाई नव्हती. गंजलेली मोटर होती, आणि छताला घागरीएवढं गांधीलमाशांचं पोळं.

काकाजी वळले आणि ओरडले, "पया!" आम्ही सगळे परत शाळेकडे. काकाजींना कानावर एक आणि मुख्याध्यापकांना मनगटावर एक डंख बसला, पोरं सुखरूप. सासूबाईंनी व्हरांड्यातून आम्हाला धावत येताना पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "होती काय?"

पुढच्या आठवड्यात गावातल्या लोकांनी धूर करून पोळं काढलं आणि पंपघराला कडी लावली. वस्तीवरची लेकरं पायवाटेने यायला लागली. सगळी लगेच नाही, पण दिवाळीपर्यंत बहुतेक. त्या लहान्या दोघी-तिघीही आल्या. मधल्या सुट्टीत आता पोरी ओढणीचा झगा करून भुताचा खेळ खेळतात, आणि प्रत्येक खेळात भुताला एकदा थांबून नळीने चहा प्यावाच लागतो.

काकाजींनी अजून सिनेमे माफ केलेले नाहीत. पण रविवारी दुपारी भाजलेल्या शेंगा घेऊन येतात, "ते मागचं आधी लाव" म्हणतात, म्हणजे सिनेमा कसा केला तो भाग. तो पाहून झाला की मग सिनेमा पाहायला त्यांची हरकत नसते. सासूबाईंनी डिस्क धान्याच्या जुन्या कोठीत हलवल्या आहेत आणि प्रत्येक थरात कडुनिंबाचा पाला घातला आहे. त्याने काही होतं की नाही मला माहीत नाही. पण यजमानांच्या पुड्या आणि सासूबाईंचा पाला मिळून अजून एकीलाही डाग पडलेला नाही.

मागच्या महिन्यात त्या बाजाराच्या दिवशी भाजी आणायला गेल्या आणि पिशवीतून मेथीच्या जुडीखाली एक व्हिडिओ कॅसेट काढून माझ्यासमोर ठेवली. भंगारवाल्याच्या ढिगात दिसली म्हणे. वेष्टनावर पडका वाडा, चंद्र आणि एक हाडकुळा हात. "तुह्याजवळ नाई ना ही?" त्यांनी विचारलं. खरंच नव्हती. त्यांनी पहिल्यांदाच स्वतः माझ्यासाठी सिनेमा आणला होता, आणि त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी माळ्यावरून माहेरचा जुना व्हीसीआर काढला, स्पिरिटने आतून पुसला आणि कॅसेट लावली.

पडद्यावर एक बाग आली. सकाळची वेळ, गवतावर दव. गोल टोपी घातलेला एक म्हातारा इंग्रज कात्री घेऊन गुलाबाच्या झाडापाशी उभा राहिला आणि बोलू लागला. फांदी कुठे छाटायची, डोळा कसा राखायचा. माझ्या लक्षात आलं की वेष्टन एका कॅसेटीचं आणि आत दुसरीच आहे. कोणीतरी इंग्लंडातल्या बागवानांसाठी काढलेला धडा. सांगायला तोंड उघडलं, पण सासूबाई पलंगावर मांडी घालून, डोळे बारीक करून पाहत होत्या.

"हा मानूस बरा नाई," त्या म्हणाल्या.

"काहून, आई?"

"लय गोड बोलून राह्यला. अन् पाह्य, त्या झाडाखालची माती नवी उकरेल हाय."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. म्हाताऱ्याने दुसऱ्या झाडाला खत घातलं, मग तिसऱ्याला. घरात मेथीचा वास येत होता. यजमान जेवायला आले, दारातच थांबले, आमच्या दोघींकडे पाहिलं आणि टीव्हीकडे पाहिलं.

"भूत कधी निघते यात?" त्यांनी विचारलं.

"निघन," सासूबाई म्हणाल्या. "बस तू. गडबड करू नोको."

आणि ते बसले. गुलाबांची छाटणी शेवटपर्यंत पाहिली. त्या दिवशी त्यांना झोप लागली नाही.